पाण्यातले युरेनियम : पॅरिसच्या काचनळीपासून फोर्समार्कच्या खडकापर्यंत

१/
एप्रिल १९७७. स्वीडनच्या संसदेने एक कायदा संमत केला. नव्या अणुभट्टीत इंधन भरण्यापूर्वी, वापरून झालेले इंधन किंवा त्यातून उरणारा कचरा कुठे आणि कसा संपूर्ण सुरक्षित ठेवता येईल, हे मालकाने सिद्ध करावे, अशी त्यात अट होती. अट राजकारण्यांनी घातली; उत्तर मात्र रसायनशास्त्राला द्यावे लागले. जमिनीत कितीही खोल पुरले, तरी हजारो वर्षांत कधीतरी पाणी त्या इंधनापर्यंत पोहोचणार. पोहोचल्यावर इंधन विरघळेल का? या प्रश्नाच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचा हा थ्रेड.

२/
आधी इंधनाविषयी. बहुतेक अणुभट्ट्यांतील इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या भाजलेल्या, चिनीमातीसारख्या कठीण गोळ्या. भट्टीतून बाहेर आल्यावरही त्यांचा सुमारे ९५ टक्के भाग युरेनियम डायऑक्साइडच असतो. उरलेल्या भागात विखंडनातून जन्मलेली सीझियम, स्ट्रॉन्शियम, टेक्नेशियम यांसारखी मूलद्रव्ये आणि प्लुटोनियम, अमेरिशियम ही जड मूलद्रव्ये असतात. यांतली बहुतेक द्रव्ये त्या कठीण गोळीतच अडकून पडलेली असतात. गोळी टिकली तर ती आत राहतात. गोळी विरघळली तर ती पाण्याबरोबर निघतात. म्हणून सारा प्रश्न गोळीच्या विरघळण्याचा.

३/
युरेनियमचे पाण्याशी दोन प्रकारचे नाते आहे. चार संयुजेचे युरेनियम, म्हणजे डायऑक्साइडमधले, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते सहा संयुजेचे झाले, की चित्र पालटते. पाण्यात कार्बोनेट असेल तर ते सहज वाहून जाते. पृथ्वीच्या इतिहासात याचा पुरावा आहे. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या प्राचीन गाळखडकांत युरेनियम खनिजाचे गोलसर कण सापडतात. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते ते वाळूसारखे नदीतून वाहत आले. हवेत ऑक्सिजन नव्हता, म्हणूनच ते नदीच्या पाण्यात टिकू शकले.

४/
यावरून एक दिलासादायक निष्कर्ष निघतो. शेकडो मीटर खोलीवरच्या भूजलात ऑक्सिजन जवळपास नसतोच, तेव्हा तिथे पुरलेले इंधन विरघळू नये. अडचण इतकीच, की वापरलेले इंधन हा निर्जीव दगड नव्हे. त्यातून सतत किरण बाहेर पडतात, ते शेजारच्या पाण्याचे रेणू फोडतात आणि त्या फुटलेल्या पाण्यातून ऑक्सिडीकरण करणारी द्रव्ये तयार होतात. खडकात ऑक्सिजन नसला, तरी इंधन स्वतःला विरघळवणारे रसायन स्वतःच बनवू शकते. किरणांनी पाणी फुटण्याच्या या क्रियेला ‘रेडिओलिसिस’ म्हणतात.

५/
रेडिओलिसिसची पहिली नोंद पॅरिसची. रेडियमचा शोध लागून तीनच वर्षे झाली होती. १९०१ मध्ये पिएर क्युरी आणि आंद्रे दबिएर्न यांना दिसले, की रेडियमच्या क्षाराच्या द्रावणातून एकसारखा वायू निघत राहतो. जर्मनीत फ्रीड्रिख गीझेल यांनी तो हायड्रोजन आणि ऑक्सिजन असल्याचे दाखवले. १९०३ मध्ये लंडनला विल्यम रॅमसे आणि फ्रेडरिक सॉडी यांनी रेडियम ब्रोमाइड पाण्यात विरघळवून निघालेला वायू गोळा केला. त्यातील हायड्रोजन-ऑक्सिजन दूर केल्यावर जे उरले, त्यात त्यांना हीलियम सापडला. हीलियमचा तो शोध जगभर गाजला. पाणी का फुटते, हा प्रश्न मागे पडला.

६/
त्या वायूच्या मोजमापात एक विसंगती होती. पाणी फुटले तर दोन भाग हायड्रोजनमागे एक भाग ऑक्सिजन मिळायला हवा. प्रत्यक्षात हायड्रोजन जास्त भरत होता. मग उरलेला ऑक्सिजन गेला कुठे? १९०९ मध्ये क्युरी प्रयोगशाळेतील मिरोस्लाव्ह केर्नबाउम यांनी उत्तर दिले : तो हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रूपाने पाण्यातच राहतो. जखम धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे ते हेच द्रव्य, एक तीव्र ऑक्सिडीकारक. १९१४ मध्ये दबिएर्न यांनी आणखी पुढे जाऊन तर्क मांडला, की किरण पाण्याच्या रेणूचे अतिशय क्रियाशील, क्षणजीवी तुकडे करत असावेत. तो पडताळण्याची साधने तेव्हा नव्हती.

७/
पुढची गुंतागुंत अमेरिकेतली. मूळचे डेन्मार्कचे ह्यूगो फ्रिके कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे पाण्यावर क्ष-किरण सोडत होते. हवा पूर्णपणे काढून टाकलेले अतिशुद्ध पाणी घेतले, तर त्यात मोजण्याजोगा कोणताच बदल होत नाही, असे त्यांना आढळले. रेडियम पाण्यात विरघळवले की पाणी फुटत राहते. शुद्ध पाण्यावर क्ष-किरण सोडले की काहीच घडल्याचे दिसत नाही. दोन्ही निरीक्षणे खरी होती आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नव्हती. हा तिढा दशकभर तसाच राहिला. तो सोडवण्याची निकड युद्धाने निर्माण केली.

८/
१९४२ मध्ये शिकागोच्या मेटलर्जिकल लॅबोरेटरीत प्लुटोनियम बनवणाऱ्या भट्ट्यांचे आराखडे चालू होते. भट्टी थंड ठेवण्यासाठी हीलियम वायूऐवजी पाणी वापरावे, असा यूजीन विग्नर यांचा आग्रह होता. पण इतक्या तीव्र किरणांत पाणी फुटून स्फोटक वायू जमला तर? पेरॉक्साइडने धातू कुरतडला तर? हे तपासण्यासाठी मिल्टन बर्टन यांच्या हाताखाली एक गट उभा राहिला. किरण-रसायनशास्त्र ही स्वतंत्र शाखा म्हणून इथूनच आकाराला आली. सप्टेंबर १९४४ मध्ये हॅनफर्डची बी भट्टी पेटली. कोलंबिया नदीचे पाणी तिच्यातून एकदा फिरून पुन्हा नदीतच सोडले जात होते.

९/
त्या गटातील ऑगस्टिन ॲलन यांनी नंतरच्या वर्षांत तिढा सोडवला. पाणी फुटते तेव्हा दोन जातीची द्रव्ये तयार होतात : हायड्रोजन वायू आणि पेरॉक्साइड ही टिकाऊ द्रव्ये, आणि क्षणजीवी मुक्तमूलके. पाण्यात हायड्रोजन शिल्लक असेल, तर मुक्तमूलके साखळी अभिक्रियेने हायड्रोजन आणि पेरॉक्साइड यांची गाठ घालून देतात आणि पुन्हा पाणी बनते. फ्रिके यांच्या शुद्ध पाण्यात काही घडत नव्हते असे नाही. जितके पाणी फुटत होते, तितकेच पुन्हा जुळत होते. पाण्यात मुद्दाम थोडा हायड्रोजन मिसळला, की फुटणे जवळपास थांबते, हेही ॲलन यांनी दाखवले. अनेक अणुभट्ट्यांच्या पाण्यात आजही याच कारणासाठी हायड्रोजन मिसळला जातो.

१०/
मग रेडियमच्या द्रावणातले पाणी फुटत का राहिले? कारण तिथे मुख्यतः अल्फा कण काम करतात. हे जड कण अगदी थोड्या अंतरात आपली सगळी ऊर्जा टाकतात. त्यांच्या वाटेवर मुक्तमूलके इतकी दाटीने जन्मतात, की ती आपापसांतच जुळून हायड्रोजन आणि पेरॉक्साइड बनतात. जुळणी करणारी मूलके कमी उरतात, म्हणून साखळी चालत नाही. क्ष-किरण आणि गॅमा किरण यांची ऊर्जा विरळ पसरते, म्हणून तिथे ती चालते. हा भेद पुढे निर्णायक ठरणार होता, कारण वापरलेले इंधन जुने होत जाते तसे ते प्रामुख्याने अल्फा कणच सोडते.

११/
१९६२ मध्ये शेवटचा मोठा दुवा जुळला. एडविन हार्ट आणि जॅक बोग यांनी लंडनजवळ पाण्यावर इलेक्ट्रॉनचा अत्यल्प काळाचा झोत सोडला आणि त्याच क्षणी पाण्याचा वर्णपट टिपला. तांबडा प्रकाश शोषणारे एक क्षणभंगुर द्रव्य त्यांना दिसले : पाण्याच्या रेणूंनी वेढलेला मोकळा इलेक्ट्रॉन. दबिएर्न यांचा १९१४ चा तर्क आता डोळ्यांसमोर होता. पाणी फुटून काय काय बनते, याची यादी बहुतांशी पूर्ण झाली. पण या सगळ्या संशोधनात मध्यभागी होती ती भट्टी. वापरून झालेल्या इंधनाकडे लक्ष वळायला अजून अवकाश होता.

१२/
कारण त्या काळी इंधन जपून ठेवायचे नव्हतेच. ते नायट्रिक आम्लात मुद्दाम विरघळवायचे आणि प्लुटोनियम वेगळे काढायचे, असा शिरस्ता होता. मुंबईजवळ तुर्भ्याला १९६० च्या दशकात असाच प्रकल्प उभा राहिला. १९७४ च्या पोखरण चाचणीतील प्लुटोनियम तुर्भ्याच्याच सायरस भट्टीच्या इंधनातले होते. त्या चाचणीने जगाची धोरणे हलली. एप्रिल १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्यापारी पुनर्प्रक्रिया अनिश्चित काळासाठी थांबवली. पुनर्प्रक्रिया नाही, तर वापरलेले इंधन हाच कचरा. त्याच महिन्यात स्वीडनचा कायदा आला.

१३/
स्वीडनमध्ये तेव्हा तूर्बयोर्न फेल्डिन पंतप्रधान होते. १९७६ ची निवडणूक त्यांनी अणुऊर्जेला विरोध करत लढवली होती. वीज कंपन्यांनी घाईने एक संयुक्त प्रकल्प उभारला. १९७७ आणि १९७८ मध्ये दोन अहवाल आले. दुसऱ्यात इंधन आहे तसेच पुरण्याचा विचार होता. ऑक्टोबर १९७८ मध्ये अणुऊर्जेच्याच वादावरून फेल्डिन यांचे सरकार पडले. मार्च १९८० मध्ये सार्वमत झाले. १९८३ च्या तिसऱ्या अहवालात आजचा आराखडा पक्का झाला : इंधन तांब्याच्या जाड डब्यात, डब्याभोवती फुगणारी बेंटोनाइट माती, आणि सुमारे ५०० मीटर खोल ग्रॅनाइट खडक.

१४/
डबा फुटला आणि पाणी आत शिरले तर? पहिली काही शतके सीझियम आणि स्ट्रॉन्शियम यांचे बीटा व गॅमा किरण जोरात असतात. त्यांचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. हजार वर्षांनंतर ते जवळपास संपतात. मग राहतात ते अल्फा कण : अमेरिशियम-२४१ चे अर्धायुष्य ४३२ वर्षे, प्लुटोनियम-२३९ चे सुमारे २४,१००. पाण्यात अल्फा कण जेमतेम ४० मायक्रोमीटर जातो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. सगळा प्रकार गोळीला चिकटलेल्या त्या पातळ थरातच घडतो. पेरॉक्साइडही तिथेच तयार होते, अगदी युरेनियमच्या पृष्ठभागाला लागून.

१५/
मॅनिटोबा प्रांतातील व्हाइटशेल प्रयोगशाळेत डेव्हिड शूस्मिथ, एस. सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी युक्ती केली. युरेनियम डायऑक्साइड थोडी वीज वाहून नेते. तेव्हा त्याचाच इलेक्ट्रोड बनवून त्याचा विद्युत दाब मोजायचा. लोखंड गंजते तशीच ही गोळी ‘गंजते’, असे त्यांनी दाखवले. तिच्या पृष्ठभागावर एकीकडे युरेनियम इलेक्ट्रॉन गमावते आणि दुसरीकडे पेरॉक्साइड ते घेते. स्वीडनच्या स्टुड्सविकमध्ये हिल्बर्ट क्रिस्टेनसेन संगणकावर शेकडो अभिक्रियांची गणिते मांडत होते. पण लाख वर्षांचा प्रयोग कुणालाच करता येत नव्हता. तो निसर्गाने आधीच करून ठेवलेला होता.

१६/
१९७२ मध्ये फ्रान्समध्ये एका नमुन्यात युरेनियम-२३५ चे प्रमाण ०.७२०२ टक्क्यांऐवजी ०.७१७१ टक्के भरले. फरक क्षुल्लक वाटावा असा, पण त्याचा माग गॅबन देशातील ओक्लो खाणीपर्यंत गेला. तिथे सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी भूजलाच्या साहाय्याने नैसर्गिक अणुभट्ट्या चालल्या होत्या. त्यातले युरेनियम आणि कित्येक विखंडन-द्रव्ये अजून जागच्या जागी होती. पुढे १९८८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी ओक्लो आणि कॅनडातील दोन खाणींच्या क्वार्ट्झमध्ये बंदिस्त झालेले सूक्ष्म थेंब तपासले. त्यांत हायड्रोजन होता, काहींत ऑक्सिजनही. क्युरी आणि दबिएर्न यांच्या नळीत दिसलेला वायू खडकाने कोट्यवधी वर्षे सांभाळून ठेवला होता.

१७/
दुसरा साक्षीदार कॅनडाच्या सस्कॅचवानमधील सिगार लेक. सुमारे १.३ अब्ज वर्षांचा अतिसमृद्ध साठा, ४३० मीटरच्या आसपास खोलीवर, चहूबाजूंनी ओल्या खडकात; तरी वर जमिनीवर किरणोत्साराची खूण नाही. कॅनडा आणि स्वीडनच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात तिथे संयुक्त अभ्यास हाती घेतला. रेडिओलिसिसच्या गणितांनुसार जेवढे युरेनियम ऑक्सिडीकृत व्हायला हवे होते, त्याच्या कितीतरी कमी प्रत्यक्षात झालेले आढळले. म्हणजे गणितात कुठेतरी एक संरक्षक घटक सुटत होता.

१८/
मात्र उलट साक्षही उपलब्ध होती. काँगोमधील शिंकोलोब्वे ही मॅनहॅटन प्रकल्पाला युरेनियमचा मोठा वाटा पुरवणारी खाण. १९४७ मध्ये तिथल्या एका पिवळट खनिजाचे वर्णन झाले. फ्रान्झ स्टुट या भूशास्त्रज्ञावरून त्याला स्टुटाइट नाव पडले. ते युरेनियमचे पेरॉक्साइड निघाले. निसर्गात पेरॉक्साइडचे खनिज ही अतिदुर्मीळ गोष्ट. असेच खनिज चेर्नोबिलच्या तळघरात, वितळून थिजलेल्या इंधनाच्या ‘लाव्ह्या’वर आढळले. हॅनफर्डच्या के-ईस्ट तलावात पाण्याखाली साठवलेल्या जुन्या इंधनावरही ते मिळाले.

१९/
हॅनफर्डच्या दोन के-तलावांची कथा वेगळी सांगावी अशी आहे. शीतयुद्ध ओसरले आणि पुनर्प्रक्रिया थांबली. सुमारे २,१०० टन इंधन पाण्यातच राहून गेले. तात्पुरती सोय कायमची होऊन बसली. इंधनाचे आवरण फुटले, युरेनियम गंजून तळाशी गाळ साचला, आणि के-ईस्ट तलावातून दूषित पाणी जमिनीत झिरपले. कोलंबिया नदी तिथून जेमतेम ४०० मीटरवर आहे. इंधन बाहेर काढण्याचे काम २००४ मध्ये पुरे झाले. स्वीडनच्या संसदेने मागितलेला हिशेब वेळेवर न मांडल्यास काय होते, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण.

२०/
२००३ मध्ये नोत्र दाम विद्यापीठातील पीटर बर्न्स आणि सहकाऱ्यांनी स्टुटाइटची रचना उलगडली. पाठोपाठ त्यांनी व इतर संशोधकांनी दाखवले, की भोवती पेरॉक्साइडचा पुरवठा असेल तरच हे खनिज टिकते. शिंकोलोब्वेत तो पुरवठा युरेनियमनेच केला होता. अल्फा कणांनी पाणी फोडत, हळूहळू साठवत. केर्नबाउम यांना १९०९ मध्ये द्रावणात मिळालेले द्रव्य इथे दगड होऊन बसले होते. म्हणजे पेरॉक्साइडची भीती निराधार नव्हती. मग सिगार लेकचे युरेनियम का टिकले?

२१/
उत्तराचा मोठा भाग हायड्रोजनमध्ये सापडला. डब्यात इंधनाला आधार म्हणून ओतीव लोखंडाचा गाभा असतो. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात लोखंड गंजले की हायड्रोजन बाहेर पडतो, आणि खोल खडकाच्या दाबाखाली तो साठून राहतो. कास्ट्रिओट स्पाहिउ आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास खरे वापरलेले इंधन सुमारे ५० पट वातावरणदाबाच्या हायड्रोजनखाली पाण्यात ठेवले. पाण्यातले युरेनियम वाढण्याऐवजी घटत गेले. गोळीचे विरघळणे जवळपास थांबले होते.

२२/
अल्फा कणांपुढे ॲलन यांची साखळी चालत नाही, हे ठाऊक असताना असे कसे घडले? स्पष्टीकरण इंधनातच मिळाले. विखंडनातून जन्मलेले पॅलेडियम, रुथेनियम, ऱ्होडियम यांचे सूक्ष्म धातुकण गोळीत विखुरलेले असतात. हायड्रोजन त्यांच्यावर तुटतो आणि आपले इलेक्ट्रॉन युरेनियमला देतो. ऑक्सिडीकरण सुरू होण्याआधीच उलटते. शूस्मिथ यांच्या इलेक्ट्रोडवरच्या प्रयोगांनीही याला दुजोरा दिला. भट्टीत जन्मलेला कचराच अशा रीतीने कचऱ्याची राखण करतो. सिगार लेकमध्ये हे धातुकण नव्हते. तिथे मातीचे आवरण आणि क्षपण करणारी लोह-गंधकाची खनिजे यांनी आपापला वाटा उचलला.

२३/
१६ मार्च २०११ रोजी स्वीडिश कंपनी एसकेबीने फोर्समार्क येथील भूमिगत साठवणीसाठी अर्ज केला. फुकुशिमाची दुर्घटना होऊन पाचच दिवस झाले होते. अर्जासोबतच्या सुरक्षा-अहवालात गृहीत धरलेला मध्यवर्ती वेग असा : फुटलेल्या डब्यातील इंधनाचा दर वर्षी एक कोटीवा भाग विरघळेल. म्हणजे पूर्ण विरघळण्यास सुमारे १ कोटी वर्षे. अनिश्चितता लक्षात घेऊन याच्या दसपट जास्त आणि दसपट कमी वेगांचाही विचार केला गेला. शतकभराचे रसायनशास्त्र शेवटी या एका आकड्यात उतरले आहे.

२४/
वाद मात्र संपले नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये स्वीडनच्या भूमी व पर्यावरण न्यायालयाने तांब्याच्या गंजण्याविषयी आणखी पुरावा मागितला. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने परवानगी दिली आणि २०२५ च्या जानेवारीत बांधकाम सुरू झाले. हायड्रोजनचे संरक्षण तो जागेवर कोंडलेला असेल तोवरच मिळते. उघड्या तलावात किंवा चेर्नोबिलच्या तळघरात तो उडून जातो, हवेतला ऑक्सिजन आत येतो आणि मागे उरते पेरॉक्साइड. तेच इंधन, तेच पाणी, तेच किरण. परिणाम मात्र पूर्ण वेगळा.

२५/
१९०१ मध्ये दिसलेला वायू आणि १९०९ मध्ये सापडलेले पेरॉक्साइड ही एकाच फुटलेल्या पाण्याची दोन अपत्ये. एक इंधनाला विरघळवते, दुसरे त्याला राखते. कोणाची सरशी होईल, हे माणूस ते इंधन कुठे आणि कसे ठेवतो यावर ठरते. म्हणून १९७७ च्या त्या कायद्याचे महत्त्व आजही आहे. त्याने शास्त्रज्ञांना उत्तर शोधायला लावले, आणि ते भट्टी पेटण्याआधी मागितले. हॅनफर्डमध्ये हा प्रश्न गाळ साचल्यावर विचारला गेला. वापरलेले इंधन साठवणाऱ्या प्रत्येक देशाला या दोहोंपैकी एक वाट निवडावीच लागते. (समाप्त)